ढोरांच्या डॉक्टरांचे फुगे

मला जाफराबादेत ठेवलं ते ढोरांच्या डॉक्टरांनी. हे आधीच सांगून टाकते. पुढे कोंबड्या, ओव्हन, नानकटाई असं बरंच येणार आहे, आणि बोलता बोलता मुख्य माणूस बाजूला राहतो ही माझी जुनी खोड. म्हणून पहिला मान त्यांचा.

ते आमचे घरमालक. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेले गुरांचे डॉक्टर. गावात माणसांचे डॉक्टरही होते, पण नुसतं 'डॉक्टर' म्हटलं की लोक विचारत, "ढोरांचे का माणसांचे?" आणि ढोरांचे म्हटलं की विचारणाऱ्याचा आवाज जरा मऊ व्हायचा. मी त्यांना डॉक्टरकाका म्हणायचे. ते मला कोकण म्हणायचे. "ए कोकण, चहा टाक." एवढा लांबलचक मुलूख त्यांनी माझ्या एकटीच्या अंगावर घातला होता.

मी रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या वाडीतली. सातवी झाले आणि शाळा सुटली, कारण पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि मला होडीची भीती वाटायची. भीती मला बऱ्याच गोष्टींची वाटते, अजूनही. लग्न झालं ते विजेचे उंच मनोरे उभे करणाऱ्या टोळीतल्या फिटरशी. टोळीचं काम तेव्हा जालना जिल्ह्यात चालू होतं, म्हणून आम्ही जाफराबादेत खोली घेतली. आमचे हे सोमवारी जे जात ते शनिवारी उगवत. गावोगाव वीज नेणाऱ्याची बायको घरात कंदिलाच्या काचा पुसत बसते, हा विनोद डॉक्टरकाका दर आठवड्याला नव्याने करत आणि नव्याने हसत.

मला तिथे काही म्हणजे काही ओळखीचं नव्हतं. आमच्याकडे माणूस घरातून निघाला की दोन वळणांत झाडाआड जातो. इथे गावाबाहेर पडलेली जीप कितीतरी वेळ दिसतच राहायची, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत मी बघत बसायचे. बायका खणखणीत बोलत. मी हेल काढून बोलले की हसत. वाईट नव्हत्या त्या, त्यांना गंमत वाटायची. पण मी बोलणंच टाकलं. हळूहळू जेवणही तुटलं. आणि श्रावणात मी मनाशी ठरवलं, की दिवाळीला भाऊ न्यायला आला की माहेरी जायचं आणि परत यायचं नाही. नवऱ्याला काय सांगायचं ते तिकडे गेल्यावर बघू.

डॉक्टरकाकांना हे कसं कळलं ते मी सांगू शकत नाही. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. एका सकाळी त्यांनी माझा कान दोन बोटांत धरून पाहिला. जनावर आजारी असलं की त्याचे कान गार पडतात म्हणे. गल्लीतल्या पोरांचे, पोस्टमनचे, भाजीवालीचे, सगळ्यांचे कान ते असे पाहत आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे.

"गार हायेत," ते म्हणाले. "रवंथ बराबर चालू न्हाई तुझं."

मी मान खाली घातली.

"नव्या गोठ्यात आलेली गाय पहिल्यांदा चाऱ्याला तोंड लावत न्हाई. तिला काही म्हणायचं न्हाई. बादली समोर ठेवायची अन् आपण दुसरीकडं पाहायचं." एवढं बोलून ते खरोखरच दुसरीकडे पाहायला लागले. कोंबड्यांकडे.

कोंबड्यांची नावं त्यांनी जिल्ह्यातल्या तालुक्यांवरून ठेवली होती. भोकरदन, अंबड, परतूर, मंठा, घनसावंगी, सगळ्या अंगणात. "आज मंठ्यानं अंडं दिलं न्हाई," असं ते चिंतेने सांगत, तेव्हा ऐकणाऱ्या नवख्या माणसाला तिकडे काही संप झालाय असं वाटे. कोंबड्याचं नाव तीर्थपुरी, तालुका नसलेल्या गावावरून. "ह्याला लई दिवसांपासून तालुका व्हायचंय," ते म्हणत, "पण अंडं द्यायची तयारी न्हाई."

दिसेल ती वस्तू वाजवून बघायची त्यांना सवय होती. कलिंगड, माठ, दार, भिंत, स्वतःचं पोट. डाव्या हाताची बोटं टेकवायची आणि उजव्या हाताच्या बोटाने वर टकटक. आमच्या खोलीची भिंत वाजवून त्यांनी आत कुठे पोकळ आहे ते सांगितलं आणि तिथेच घूस निघाली. त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं म्हणे म्हशींची फुगलेली पोटं वाजवण्यात गेली. कोवळी ज्वारी नाहीतर ओला लसूणघास जास्त खाल्ला की जनावराचं पोट नगाऱ्यासारखं फुगतं. मग रात्री-अपरात्री सायकलवर निघायचं.

गणपतीच्या दिवसांत मी पहिल्यांदा मनापासून चूल पेटवली, कारण मोदक केल्याशिवाय मला करमेना. पाण्याला आधण आणलं, मीठ, लोणी, वरून तांदळाचं पीठ, आणि उलथन्याने भराभर ढवळत होते. दारात डॉक्टरकाका.

"हे काय करून राह्यलीस?"

"उकड काढते."

"पीठ शिजवून घेऊन राह्यलीस?"

"हो."

ते आत आले, उलट्या बादलीवर बसले आणि उकड गोळा होऊन पातेल्याची कड सोडेपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "तू मला पाहिजे होतीस."

गोष्ट अशी होती. नोकरीत असताना ते एकदा गुरांच्या डॉक्टरांच्या कसल्याशा बैठकीला हैदराबादला गेले होते. तिथे चहाबरोबर बशीत एकेक गोल बन आला. वरून खुसखुशीत, भेगाळलेला, उन्हाळ्यात आपलं काळं रान भेगाळतं तसा. बाकीच्या डॉक्टरांनी तो खाल्ला. काकांनी सुरीने उभा चिरला. आत क्रीम होतं. ते चमच्याने काढून ठेवलं तर आत काहीच नाही. ना जाळी, ना गर. नुसती पोकळी.

"मंग फुगलं कशानं?" ते मला विचारत होते, जणू मीच तो केला होता. "ना सोडा, ना खमीर. मी भटारखान्यात गेलो. आचारी म्हणला, साहेब, पीठ आधी पाण्यालोण्यात शिजवायचं, मंग अंडी. एवढं बोलला अन् मला हाकललं. तेव्हापासून हे डोक्यात हाये. जिंदगीभर फुगलेली पोटं उतरवली, आता एक फुगवून पाहायचंय."

त्यांच्या बायकोचा गोल ओव्हन कपाटावर पडून होता. तो ॲल्युमिनियमचा, झाकणाला मध्ये काच असलेला, ज्यात तेव्हा घरोघरी केक होत. काकू गेल्यापासून तो कुणी उघडला नव्हता. काकांनी तो उतरवला, धोतराच्या जुन्या फडक्याने पुसला, आणि अर्थातच वाजवून पाहिला.

मी एकदाचं धैर्य करून म्हटलं, "काका, मी दिवाळीला जाणार आहे. बहुतेक परत यायची नाही."

मला वाटलं ते समजावतील, रागावतील. ते म्हणाले, "जा की. फक्त हा फुगा फुगवून जा. माझ्यानं एकट्यानं उकड न्हाई व्हायची."

आता एवढ्याशा गोष्टीला नाही कसं म्हणायचं?

पहिल्या खेपेला मैद्याची उकड मी छान काढली. लोणी घातलेली, लकाकणारी, गोळा झालेली. ती गरम असतानाच काकांनी सगळी अंडी एकदम ओतली, म्हशीला नळीने औषध पाजावं तशी. पातेल्यात मैद्याची भुर्जी झाली. ती आम्ही तीर्थपुरीला घातली आणि त्याने अंगणभर तिचा समाचार घेतला.

दुसऱ्या खेपेला उकड निवू दिली. अंडी फेटून थोडी थोडी घातली. पीठ उलथन्यावरून जाड सुटेल इतपत सैल झालं. त्याचे गोळे ठेवले आणि खरंच, काचेतून बघता बघता ते फुगायला लागले. काकांचा चेहरा असा झाला, की मला माझ्या भावाची आठवण आली, तो लहानपणी खेकड्याच्या बिळापाशी असा बसायचा. पण त्यांच्याने राहवेना. त्यांनी झाकण उचललं आणि एका फुग्यावर टकटक केलं. सगळे फुगे आमच्या डोळ्यांदेखत खाली बसले.

"काका, झाकण उघडायचं नाही."

"वाजवल्याबिगर कळंल कसं?"

"वासावर कळेल. भाजल्याचा वास येईल."

मी त्यांना बजावलं हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्या गावात आल्यापासून मी कुणाला काही बजावलं नव्हतं. त्या रात्री मी पोटभर जेवले.

तिसऱ्या खेपेला वीज गेली. आमचे हे नेमके घरी होते. काका त्यांच्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही मनोरे कशाला उभे करून राह्यले हो? कावळ्यांना बसायला?" हे कधी नाही ते मोठ्याने हसले आणि अर्धे कच्चे फुगे दुधात बुडवून खाल्ले. हे कशालाच नावं ठेवत नाहीत.

मग वरच्या भेगांचा प्रश्न आला. नुसता फुगा फुगून चालणार नव्हतं, त्याच्या अंगावर ते भेगाळलेलं खुसखुशीत कवच पाहिजे होतं. मी विचार करत होते. तेव्हा शेजारच्यांनी दिलेली नानकटाई डब्यात होती. मी एक उचलली, उजेडात धरली. वरून तश्शाच भेगा.

"हां," काका म्हणाले. "मंग जा बेकरीत. कच्चा गोळा घेऊन ये."

मराठवाड्यात दिवाळीच्या आधी बायका घरचा मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून बेकरीत नेतात आणि भट्टीतून नानकटाई भाजून आणतात. हे मी पाहिलं होतं, पण लांबून. तिथे डबे घेऊन बायकांची ही मोठी रांग लागते. मी म्हटलं, "तुम्हीच या ना आणून."

"बायकांच्या लाइनीत मी? ढोराचा डॉक्टर हाये म्हणून काय झालं?"

डबा घेऊन मी निघाले. रांगेत शेवटी उभी राहिले, भिंतीला चिकटून. पुढच्या आडव्या बांध्याच्या बाईने मागे वळून पाहिलं.

"ओ नव्या वैनी, डबा फुडं सरकवा. असं लाजून उभं राह्यलं तर दिवाळी भाऊबीजेलाच होईल तुमची."

मी डबा सरकवला.

"कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

"कोकणातली."

"मंग मासे खात असाल."

"खाते की."

"काट्यासहित?"

"काटे पाव्हण्यांना ठेवतो," मी म्हटलं. कसं सुचलं कोण जाणे. आमच्या वाडीत ही थट्टा जुनी आहे. पण तिथे ती नवी होती. बाई अशी हसली की तिचा डबा पडता पडता राहिला, आणि रांगेत पुढे तिने ती दोघी-तिघींना पोचवली. सगळ्या वळून बघून हसल्या. पूर्वीही हसायच्या, पण ह्या वेळी हसणं मी दिलेलं होतं.

माझा नंबर आला. बेकरीवाले चाचा तूप-साखर फेसून मैदा मळत होते. मी म्हटलं, "एक गोळा कच्चाच द्या."

"कच्चा ले जा के क्या करेंगे भाभी?"

"डॉक्टरकाकांना पाहिजे. ढोरांच्या."

"उन को? फिर ले जाव, ले जाव. कुछ पूछनेका नै."

तो गोळा मी दुधाच्या पिशवीच्या दोन प्लास्टिकांमध्ये पापडासारखा पातळ लाटला, वाटीने गोल चकत्या पाडल्या आणि प्रत्येक फुग्याच्या डोक्यावर एकेक टोपी ठेवली. खालचा गोळा फुगत गेला तशी टोपी ताणली, तडकली, आणि त्याच त्या काळ्या रानासारख्या भेगा पडल्या. बदामी रंगावर. काका काचेला नाक लावून बसले होते. ह्या वेळी झाकणाला हात लावला नाही. वास आला, मी ओव्हन बंद केला, फुगे ताटात काढले. देखणे होते. काकांनी एक वाजवला. टकटक, पोकळ.

आणि मग ताटातल्या ताटात ते हळूहळू बसायला लागले. आतली वाफ बाहेर पडायला वाट नव्हती, ती आतच पाणी झाली आणि भिंती मऊ पडल्या. काकांनी चष्मा पुसला. "न्हाई जमलं," म्हणाले, फारसं दुःख न करता. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. दिवाळी तोंडावर आली होती.

त्यानंतरच्या दोन खेपाही अशाच गेल्या. दर वेळी फुगे फुगत, तडकत, आणि ताटात येऊन माना टाकत. आता ते नेण्यासाठी गल्लीतली पोरं वाट्या घेऊन येत. नानकटाईच्या रांगेतली आडव्या बांध्याची बाई एकदा बघायला आली आणि म्हणाली, "वैनी, बसलेला हाये पण चव लई भारी." जाताना मला तिच्याकडे पापड लाटायला बोलावून गेली.

भाऊबीजेला भाऊ आला. चिपळूणहून गाड्या बदलत बदलत, पाय सुजवून. त्याला मी ओवाळलं, जेवायला वाढलं, आणि बशीत एक बसका फुगा ठेवला.

"हे काय गो?"

"फुगा आहे. फुगलेला नाही अजून."

त्याने खाल्ला. "ब्येस हाय," म्हणाला. "मग बाय, सामान बांधलंस? उद्या सकाळच्या गाडीने निघू."

काका बाहेर बादलीवर बसून परतूरच्या पायाला हळद लावत होते. ह्या सगळ्याशी आपला काही संबंध नाही अशी पाठ करून. मी त्यांच्या पाठीकडे बघत भावाला म्हटलं, "दादा, मला आत्ता नाही यायला जमणार. काकांचं एक काम राहिलंय."

"कसलं काम?"

मी बशीकडे बोट केलं. भावाने बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला हे उत्तर देताना मला लाज वाटत होती. पण येते असं काही माझ्या तोंडातून निघेना. तो एवढंच म्हणाला, "आईला काय सांगू?"

"सांग, बरी आहे. जेवते."

तो गेला. जीप दिसेनाशी होईपर्यंत मी बघत उभी राहिले नाही, कारण पापडांचं पीठ भिजवायचं होतं.

पुढच्याच खेपेला, फुगे ताटात निघाल्या निघाल्या, काका उठले. आत जाऊन दवाखान्याची जुनी पेटी घेऊन आले. तीतून एक कोरी, जाड सुई काढली, उकळत्या पाण्यातून काढून पुसली, एक फुगा हातात घेतला आणि त्याच्या कुशीत शांतपणे टोचली. सुर्रकन वाफ निघाली.

"फुगलेल्या म्हशीला असंच टोचतात," ते म्हणाले. "डाव्या कुशीत. वारं निघून जातं, जनावर उभं राहतं."

"ह्याची डावी बाजू कुठली?"

"आपण ठरवू ती."

सगळे फुगे टोचून पुन्हा गरम ओव्हनमध्ये थोडा वेळ ठेवले. बाहेर काढले ते ताठ उभे. संध्याकाळपर्यंत उभे. मी साय आणि पिठीसाखर फेटून त्यांत भरली. काकांनी पहिला फुगा उभा चिरला, आत बराच वेळ पाहिलं, आणि मग काकूंच्या फोटोसमोर ठेवला. "हे बघ, सरकार," एवढंच म्हणाले. उरलेले गल्लीने खाल्ले. चाचांना दोन पाठवले, त्यांनी ते बेकरीच्या काचेत मांडून ठेवले. खायला नव्हे, दाखवायला.

मी राहिले. पुढच्या वर्षी माहेरी गेले ती चार दिवस राहून परत यायला निघाले, तेव्हा आई म्हणाली, एवढी कसली घाई. टोळीचं काम संपल्यावर ह्यांनी जालन्यात दुकान घातलं, आणि मी घरी ओव्हन घेतला. केक करते, नानकटाई करते, आणि कुणी मागितले तर फुगे. त्यांना मोठ्या शहरात काही वेगळं नाव आहे हे मला एका गिऱ्हाइकाच्या मुलीने सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि विसरले.

गेल्या उन्हाळ्यात जाफराबादला गेले होते. काका आता थकलेत, गुडघे धरलेत, पण भिंती वाजवणं चालू आहे. त्यांना फुगा देताना माझ्या मनात इतकी वर्षं अडून बसलेलं विचारलं. "काका, नोकरीभर म्हशींना सुई टोचत होता. मग आपले फुगे बसायचे तेव्हा ती सुचायला इतका उशीर कसा झाला?"

"उशीर कुठं?" ते फुग्याला टकटक करत म्हणाले. "पहिल्यांदा ताटात बसले, तेव्हाच कळलं. म्हशीचं पोट अन् हे एकच हाये."

"मग सांगितलं का नाही?"

"तू भावाबरोबर जाणार होतीस ना." त्यांनी घास घेतला. "साय जरा जास्त गोड झाली बघ."

मी बोटावर घेऊन चाखली. साय खरंच गोड झाली होती.

पण मी तेव्हाच ठरवलंय. ह्या माणसाने समुद्र पाहिलेला नाही. मी विषय काढला की गुडघे पुढे करतात, घाट लागतो म्हणतात. एकदा, आमच्या ह्यांच्या दुकानाचा जम नीट बसला की, मी गाडी करून त्यांना माझ्या वाडीला नेणार आहे. खाडीवर बसवीन, होडीत घालीन, मीसुद्धा बसेन शेजारी डोळे मिटून. आईच्या हातची उकड खाऊ घालीन. दोन दिवसांनी ते म्हणतील, चल, परत जाऊ. तेव्हा मी म्हणेन, काका, मोदकाची कळी काही जमून राह्यली न्हाई, तुम्ही जरा थांबा. आणि त्या कळ्या मी रोज मोडत राहीन.